चातुर्मास, बेडूक आणि सहावी हिंसा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या सत्संगानंतर बडोद्याच्या एका ताईंनी ग्रुपवर एक प्रश्न टाकला होता. त्यांच्या मुलाने त्यांना आंबोलीच्या बेडकांची बातमी वाचून दाखवली होती. त्यात होतं की शास्त्रज्ञ जंगलात जातात, नवीन जातीचा बेडूक शोधतात आणि त्याला नाव देण्यासाठी काही बेडूक मारून बाटलीत ठेवतात. ताईंनी विचारलं, "ज्याला वाचवायचं, त्यालाच आधी मारायचं? हे अहिंसेत बसतं का?"

ग्रुपवर उत्तरं भराभर आली. कुणी लिहिलं, "विज्ञानासाठी करावं लागतं." कुणी लिहिलं, "पाप ते पापच." इंदूरच्या एका काकांनी विचारलं, "एवढे महत्त्वाचे विषय सोडून बेडकांवर काय चर्चा?" तिन्ही उत्तरं घाईची वाटली. गुरुपौर्णिमा जवळ आली आहे, पाऊस सुरू झाला आहे, आपल्यातले कितीतरी जण लवकरच घाट चढून वाडीला निघणार आहेत. म्हणून हा प्रश्न जरा सावकाशीने घेऊ या.

*आधी बेडूक कोण, ते पाहू*

आंबोली आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. सावंतवाडीहून बेळगाव, आजरा, गडहिंग्लजकडे जाताना लागणारा घाट, धबधबा, धुकं आणि गरम भजी. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या या गावात महाराष्ट्रातला सर्वाधिक म्हणावा असा पाऊस पडतो. तिथल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, एक लहानसा भेक राहतो. अंगठ्याएवढा, पिवळसर, कुशीवर वाघासारखे पट्टे. २००९ मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं, झँथोफ्रायनी टायग्रिना. त्याचा एकच सख्खा भाऊबंद माहीत आहे, तो कोयनेच्या परिसरातला. आंबोलीचा हा भेक आज जगाच्या लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात आहे.

त्याचा संसार कुठे मांडला जातो? पहिल्या पावसात सड्याच्या खडकावर जे उथळ डबकं साचतं, त्यात. ते पाणी चार-दोन बोटं खोल असतं. त्यातच अंडी, त्यातच पिल्लं. पावसाने मध्येच ओढ दिली तर डबकं आटतं. गाडी त्यावरून गेली तर क्षणात सगळं संपतं. आपल्याला तो पाय धुवायचा खड्डा वाटतो, त्याच्या दृष्टीने ती बाळंतिणीची खोली आहे.

सह्याद्रीत असे जीव किती असतील? दर काही वर्षांनी नवे सापडतच आहेत. २००३ मध्ये केरळच्या इडुक्की भागातला जांभळा बेडूक जगापुढे आला. हा वर्षभर जमिनीखाली राहतो, वाळवी खातो आणि पावसाच्या सुरुवातीला मोजके दिवस प्रजननासाठी वर येतो. त्याचे जवळचे नातेवाईक कुठे असावेत? हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर! भारत आणि ती बेटं एकाच भूखंडाचा भाग होती, तेव्हापासूनची ही भाऊबंदकी. डायनासोर आले आणि गेले, हा टिकला.

२०१७ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या सोनाली गर्ग, प्रा. एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या शोधानंतर पश्चिम घाटातल्या रातबेडकांच्या सात नव्या जाती नोंदवल्या. त्यातल्या चार इतक्या लहान की बेडूक अंगठ्याच्या नखावर आरामात बसेल. इतके दिवस ते दिसले कसे नाहीत? आकार लहान, राहणं लपून आणि आवाज किड्यासारखा. लोक ऐकत होते, पण त्यांना वाटायचं रातकिडे ओरडत आहेत.

आणि आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातला एक बेडूक तर आपल्या सगळ्यांना आवडेल. मादीने अंडी घातली की नर ओढ्यातली ओली माती हातांनी उचलतो आणि त्या अंड्यांना लिंपतो. २०१४ मध्ये त्याची नोंद झाली तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याचं नावच 'कुंभार' ठेवलं. कन्नडमध्येही शब्द तोच.

चोर्ला घाटाच्या बाजूला देवगांडूळ आहे. गांडुळासारखा दिसणारा, पण खरं म्हणजे बेडकांच्याच कुळातला, कणा असलेला प्राणी. त्याच्या एका जातीला २००७ मध्ये म्हादई नदीचं नाव मिळालं, दुसरीला गोव्याचं. आपल्या अंगणाजवळचे हे शेजारी आणि आपल्याला त्यांची नावंही ठाऊक नाहीत.

*आता ताईंचा प्रश्न*

नवी जात जाहीर करायची तर साधारणपणे काही नमुने जतन करून संग्रहालयात ठेवावे लागतात. आपल्याकडे जैवविविधता कायद्यानेही नव्या जातीचा नमुना ठरलेल्या संस्थेकडे जमा करणं बंधनकारक आहे. पुढे कुणाला शंका आली की 'हा तोच का?', तर पडताळायला मूळ नमुना लागतो. सह्याद्रीतले कितीतरी बेडूक दिसायला सारखे असतात. त्यांच्यातला फरक हाडांत, आवाजात, गुणसूत्रांत असतो. आणि नाव नसेल तर लाल यादीत जागा नाही, कायद्याचं संरक्षण नाही. सडा खणायला निघालेल्या माणसाला 'इथे अमुक जीव राहतो' असं सांगायला हातात कागदच नाही.

मग ही हिंसा नव्हे का? आहे. गोड शब्द वापरून ती अहिंसा होत नाही. पण आपल्या परंपरेने हा पेच फार पूर्वीच ओळखला होता. धर्मशास्त्रात गृहस्थाच्या घरातली पाच हिंसेची ठिकाणं सांगितली आहेत, त्यांना 'पंचसूना' म्हणतात. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. (सुना नव्हे हं, सूना! सूना म्हणजे वध होतो ती जागा.) रोज स्वयंपाक करताना, केर काढताना, पाणी भरताना बारीक जीव मरतात. शास्त्राने चूल बंद करायला सांगितलं नाही, आणि 'चालायचंच' असंही म्हटलं नाही. त्याने सांगितलं की हे ऋण आहे, ते रोज फेडा. त्यासाठी पंचमहायज्ञ आले. त्यातला एक भूतयज्ञ, म्हणजे जीवमात्रांसाठी आपल्या ताटातला वाटा बाजूला काढणं. आपल्या आज्या जेवणाआधी गाईचा, कावळ्याचा घास काढायच्या तो हाच.

यातून मला तीन कसोट्या दिसतात. हिंसा खरोखर अटळ आहे का? ती कमीत कमी आहे का? आणि ती करणारा ऋण फेडतो आहे का?

बेडकाच्या नमुन्याला या कसोट्या लावून पाहा. जात नवी असेल, तिची संख्या बरी असेल, तर मोजके नमुने घेऊन संपूर्ण जातीला कायद्याचं छत्र मिळत असेल, आणि तो अभ्यासक पुढे त्या डोंगरासाठी उभा राहत असेल, तर ती पंचसूनेच्या जातीची हिंसा आहे. पण जिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच जीव उरले आहेत, तिथे नमुन्यासाठी मारणं मला कसोटीला उतरत नाही. आज बोटाचं टोक किंवा त्वचेवर फिरवलेला कापसाचा बोळा घेऊन गुणसूत्रं तपासता येतात, आवाज ध्वनिमुद्रित करता येतो, छायाचित्रं घेता येतात. शास्त्रज्ञांमध्येही यावर वाद चालू आहे, आणि तो चालू राहणं चांगलंच. हात थरथरला नाही तर समजावं की ऋणाची जाणीव गेली. आणि केवळ स्वतःच्या नावापुढे 'शोधक' लागावं म्हणून जो गोळा करतो, त्याचा अहंकार ही तर सरळ सरळ हिंसा.

'शोध' या शब्दावरही थोडं बोललं पाहिजे. जांभळा बेडूक २००३ मध्ये 'सापडला', पण त्या डोंगरातले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या त्याची पिल्लं ओढ्यातून धरून खात आले आहेत. त्यांना तो माहीतच होता. अज्ञान आपलं होतं. म्हणून नवा जीव सापडला असं म्हणताना 'आपल्याला आज दिसला' असं मनात म्हणावं. गुरुमाऊली आत्मज्ञानाबद्दल हेच सांगतात ना? नवीन काही येत नाही, पडदा सरतो.

*नाव मिळालं म्हणजे जीव वाचला का?*

नाही. यासाठी दूरदेशीची एक गोष्ट सांगतो. मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका देशात माँतेवेर्दे नावाचं डोंगरावरचं ढगांचं जंगल आहे. तिथे काही चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात एक सोनेरी भेक राहायचा. नर इतका झळझळीत केशरी की जंगलात पणत्या ठेवल्यासारखा दिसे. १९६६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. जंगल राखीव झालं. १९८७ मध्ये पंधराशेहून अधिक भेक प्रजननासाठी जमलेले पाहिले गेले. १९८९ मध्ये एकच नर दिसला. त्यानंतर आजवर एकही नाही. २००४ मध्ये ती जात नामशेष जाहीर झाली.

नाव होतं, राखीव जंगल होतं, अभ्यासक होते. तरी गेला. कारणांमध्ये कोरडं पडत चाललेलं हवामान आणि एक त्वचेची बुरशी यांचं नाव घेतलं जातं. बेडूक त्वचेनेच पाणी पितो, बऱ्याच अंशी श्वासही त्वचेनेच घेतो. ही बुरशी त्या त्वचेचंच काम बंद पाडते, शरीरातले क्षार बिघडतात आणि शेवटी हृदय थांबतं. माणसाने जगभर बेडकांचा व्यापार केला, त्यातून ती पसरली. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार या रोगामुळे जगातल्या किमान ५०१ जाती घटल्या आणि त्यातल्या ९० बहुधा कायमच्या गेल्या. ही बुरशी सह्याद्रीतही आढळली आहे. तिथल्यासारखी सामूहिक मरतूक इथे नोंदली गेलेली नाही, ही आपल्यावरची कृपाच म्हणायची. पण कृपा गृहीत धरू नये.

जगातल्या आठ हजार उभयचर जातींचा २०२३ मध्ये आढावा घेतला गेला, त्यात सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आढळल्या. पक्षी आणि सस्तन प्राण्यांपेक्षाही यांची स्थिती वाईट आहे.

*त्याचा उपयोग काय?*

आता इंदूरच्या काकांकडे येऊ. 'बेडकाचं एवढं काय?' या प्रश्नाच्या मागे दुसरा प्रश्न असतो, 'त्याचा आपल्याला उपयोग काय?'

काही बेडकांचा उपयोग दाखवता येतो. शेतातला मोठा बेडूक भातावरचे किडे खातो. एकेकाळी भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जायच्या. शेतातले बेडूक कमी झाले, कीड वाढली अशी ओरड झाली आणि १९८७ मध्ये ती निर्यात बंद केली गेली. गोव्यातले गुरुबंधू जाणतात, तिथे पहिल्या पावसात हाच बेडूक बॅटरी घेऊन पकडला जातो, आणि 'जंपिंग चिकन' या नावाने ताटात येतो. कायद्याने तो गुन्हा आहे. तरी 'वर्षातून एकदाच तर' असं म्हणत चालतं. वर्षातून एकदाच तो बिचारा संसार मांडायला बाहेर येतो, हे विसरून.

पण आंबोलीच्या भेकाचा उपयोग? खरं सांगायचं तर, माणसाच्या हिशोबात जवळजवळ शून्य. तो उद्या गेला तर कुणाचं पीक बुडणार नाही, दुधाचा भाव वाढणार नाही, आपल्याला कळणारही नाही. म्हणूनच तो साधकासाठी महत्त्वाचा आहे.

गीतेतला निष्काम कर्माचा विचार आपण सगळे जाणतो. पण ते आचरायला जागा कुठे मिळते? गाईची सेवा केली तर दूध मिळतं. झाड लावलं तर सावली मिळते. माणसाला मदत केली तर निदान धन्यवाद मिळतो. अंगठ्याएवढ्या भेकासाठी गाडी थांबवली, तर काहीच मिळत नाही. त्याला कळतही नाही की कुणी थांबलं. फोटो काढून स्टेटस ठेवला नाही, तर दुसऱ्या कुणालाही कळत नाही. फळाची आशा जिथे संभवतच नाही, असं कर्म करायची इतकी स्वच्छ संधी सहसा सापडत नाही. 'सर्वांभूती परमेश्वर' म्हणताना जो भूतमात्र आपल्या कामाचा नाही, तोही त्यात मोजला का, ही खरी परीक्षा.

अवधूतांच्या चोवीस गुरूंमध्ये अजगर आहे, पतंग आहे, कोळी आहे, मासा आहे. बेडूक नाही. पण ती यादी पुढे वाढवायला कुणी मनाई केलेली नाही. दहा महिने मौन, आणि पावसाचा शब्द ऐकताच सर्वस्व ओवाळून टाकणं, हे बेडकाकडून घ्यावं.

*सहावी हिंसा*

चातुर्मास कशासाठी? आपण व्रतं, पोथी, कांदा-लसूण वर्ज्य एवढं लक्षात ठेवतो. पण संन्यासी पावसाळ्यात एका जागी का थांबतात, त्याचं जुनं कारण हेच की या दिवसांत वाटांवर जीवजंतू असतात आणि चालणाऱ्याच्या पायाखाली ते येतात. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास, जैन मुनींचा चातुर्मास, आपल्या यतींचा चातुर्मास, तिन्ही परंपरा इथे एकमत आहेत. माणगावचे प. पू. टेंबे स्वामी आयुष्यभर पायी फिरले. सावंतवाडीच्या मुलखातून निघालेले पाय १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला विसावले. पण पावसाळा आला की ते पाय थांबायचे. त्यांचे चातुर्मास कुठे कुठे झाले, ते आपल्यातल्या अनेकांना तोंडपाठ आहे. ते का थांबत, तेही तितकंच पाठ असावं.

आणि आपण? नेमके याच दिवसांत सगळ्यात जास्त प्रवास करतो. गुरुपौर्णिमेला पहाटेच्या आरतीला पोहोचायचं म्हणून गोवा, सावंतवाडीकडच्या गाड्या रात्री घाट चढतात. पावसाळी रात्री ओल्या रस्त्यावर बेडूक येतात, कारण रस्ता उबदार असतो आणि त्यांना पलीकडच्या पाण्याकडे जायचं असतं. आपण आत भजन म्हणत असतो. चाक खाली आपलं काम करत असतं.

संत गोरोबाकाकांची कथा आपण भक्तीची परिसीमा म्हणून सांगतो. नामात रंगून चिखल तुडवताना पायाखाली स्वतःचं मूल आलं, ते कळलं नाही. पांडुरंगाने ते मूल परत दिलं. कथा ऐकताना आपले डोळे भरतात ते त्या आईच्या आक्रोशाने, आणि मग देवाच्या दयेने. आंबोलीच्या सड्यावरचं मूल परत मिळायचं नाही. माँतेवेर्देचं मिळालं नाही.

चूल, पाटा, केरसुणी, उखळ, घडा. या पाचांत आता गाडीचं चाक हे सहावं धरायला हवं, असं मला वाटतं. आणि ताईंना नम्रपणे सांगावंसं वाटतं, की शास्त्रज्ञाच्या बाटलीचा प्रश्न तुम्ही विचारलात ते फार बरं झालं. पण बाटलीतल्या बेडकाला निदान नाव मिळालं, नोंद मिळाली, त्याच्या मरणाचा हिशोब लिहून ठेवला गेला. आपल्या चाकाखालच्यांचा हिशोब कुणीच ठेवत नाही.

कुणी म्हणेल, खाणी, मोठे रस्ते, रिसॉर्ट हे मोठे अपराधी आहेत, आपल्या एका गाडीने काय होणार? मोठे आहेतच, आणि त्याविरुद्ध जिथे बोलता येईल तिथे बोललंच पाहिजे. पण दुसऱ्याचं पाप मोठं आहे म्हणून आपलं लहान पाप पुण्य होत नाही. कुणी म्हणेल, मग आंबोलीला जायचंच नाही का? तसंही नाही. तिथल्या अनेक घरांची चूल पर्यटनावर चालते, आणि तिथले काही तरुण आज बेडूक दाखवून, त्यांची माहिती सांगून पोट भरतात. तेच या जीवांचे सगळ्यात जवळचे राखणदार आहेत. त्यांचा रोजगार तोडून बेडूक वाचणार नाही. जावं, पण यात्रेकरूसारखं जावं.

*या चातुर्मासाचा छोटा नियम*

दरवर्षी आपण काही ना काही सोडतो. यंदा ज्यांना जमेल त्यांनी हे धरावं:

१. गुरुपौर्णिमेला आंबोली, चोर्ला, फोंडा, कुठलाही घाट शक्यतो दिवसा चढावा. आदल्या दिवशी दुपारी निघून वाडीत मुक्काम करावा. रात्री जावंच लागलं तर घाटात वेग अगदी कमी ठेवावा आणि पुढे बसलेल्याने रस्त्यावर नजर ठेवावी.

२. सड्यावर गाडी चढवू नये. डबक्यात पाय, चप्पल, ताट काहीच धुवू नये.

३. बेडकाला हात लावू नये. आपल्या हाताला लागलेलं मलम, डास पळवायचं तेल, साबण त्याच्या त्वचेतून थेट आत जातं. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाताना बूट-चपला धुऊन, वाळवून घ्याव्यात.

४. बेडकाचं मांस खाऊ नये, खाणाऱ्याला प्रेमाने समजवावं. गोव्यातल्या बंधूंनी ही सेवा खास आपली मानावी.

५. ग्वाल्हेर, हैदराबाद, इंदूरला घाट नाही म्हणून आपला संबंध नाही असं समजू नये. विहीर, बागेतला हौद, गच्चीवरच्या कुंड्या, सगळीकडे कोणी ना कोणी राहतं. खोल हौदात एक तिरकी फळी टाकून ठेवली तर पडलेला बेडूक बाहेर येऊ शकतो. बागेत विषारी फवारा मारण्याआधी क्षणभर थांबावं.

६. जेवणाआधी घास काढताना, ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत अशा जीवांचंही स्मरण करावं.

नामस्मरणाचा आपला संप्रदाय आहे. ज्याचं नाव आपण मनापासून घेतो, त्याला सहजासहजी विसरत नाही. म्हणून यंदा मुलांना निदान तीन नावं शिकवू या: आंबोलीचा भेक, कुंभार बेडूक आणि म्हादईचा देवगांडूळ. ग्रुपवर ज्यांनी पहिल्या पावसात बेडकांचा आवाज ऐकला असेल त्यांनी फोटो नको, आवाज पाठवावा. कुठल्या गावातून, कुठल्या तारखेला ऐकला, तेवढं लिहावं. आणि ताई, तुमच्या मुलाला आमचा आशीर्वाद सांगा. बातमी त्याने वाचली म्हणून हा विचार झाला.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥